शाळेतला चार

सुताराचं घर, विंबरी,
हेरफर्डशायर.
रविवार, ६ मार्च १९८३

चि. सिरिल यास,

ऑलिव्हचे अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा.

बत्तीस वर्षांनी घरी येतोस, आणि ते लिहितोस कुठे, तर पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत! आधी कॅनडातला बर्फ, मग तुझ्या गाडीचं चाक, मग शेजाऱ्याचं कुत्रं, आणि मग जाता जाता, जूनमध्ये येतोय म्हणून. मी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि मग चर्चला जाताना ओव्हनमधलं मटण काढायचं विसरले. ते जळून कोळसा झालं. आल्यावर भरून दे.

नॉर्मा गेल्यापासून तू एकटा काय खातोस, काय करतोस याचा घोर मला होताच. मॅरियन लेक म्हणून चांगली आहे, पण लेकीला तिचा संसार असतो. तू ये. वरची खोली तुझ्यासाठी काढून ठेवते. जमीन अजून खिडकीकडे उतरतीच आहे, तेव्हा पलंगाच्या दोन पायांखाली ठोकळे घातलेत. लहानपणी तू गोट्या सोडायचास आणि त्या आपोआप भिंतीशी जायच्या, आठवतं ना?

आता आधीच सांगून ठेवते, गाव बघून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. विंबरी आता बघायचं गाव झालंय. मे महिन्यापासून रोज दोन-दोन बसगाड्या चर्चच्या फाटकाशी उभ्या राहतात. लोक उतरतात, आपल्या काळ्या लाकडांचे आणि पांढऱ्या भिंतींचे फोटो काढतात, किती जुनं, किती वाकडं म्हणतात आणि चहा पिऊन जातात. लोहारशाळेचं चहाचं दुकान झालंय. भात्याच्या जागी केकचं कपाट आहे. गेल्या उन्हाळ्यात एक बाई सरळ माझ्या स्वयंपाकघरात डोकावली आणि विचारते, इथे खरंच माणसं राहतात का? म्हटलं, नाही हो, मला सकाळी भरून ठेवतात आणि संध्याकाळी चावी काढून घेतात. तर ती हसली पण नाही. वहीत लिहून घेतलंन.

माझं म्हणशील तर बरं आहे. कंबर कुरकुरते, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय. दुरून सगळे लोक एकसारखे दिसतात, त्यात तोटा काहीच नाही.

तू भिंतीचं विचारलंस. आहे, उभी आहे.

चौदा जूनला दुपारच्या बसला मी थांब्यावर येईन. शहाजिऱ्याचा केक करून ठेवते. लोभ भरपूर आहे, जूनपर्यंत शिळा मात्र होऊ देऊ नकोस.

तुझी बहीण,
ऑलिव्ह


हॅमिल्टन, ऑन्टॅरिओ.
२४ मार्च १९८३

ती. ऑली हिस,

सिरिलचा सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. मटणाचा जाब मी देणार नाही, कारण तू ते जाळण्यासाठी माझ्या पत्राची कधीच वाट बघितलेली नाहीस.

विमानाचं तिकीट हातात आलं. मॅरियन म्हणते, बाबा, तुम्ही लग्नाच्या मुलासारखे हुरळलात. खरंच हुरळलोय. परवा तिच्या पोरींना मी सगळी गोष्ट सांगितली, आणि सांगताना लक्षात आलं की भांडणासकट ती मी मोठ्याने कधी सांगितलीच नव्हती. तुला पाठ आहे, तरी माझ्या तोंडून एकदा ऐक.

चौदा वर्षांचा होतो. डॅडनी ग्विलियमच्या गोठ्याचा सांगाडा आपल्या अंगणात जुळवला होता. सगळी लाकडं आडवी मांडायची, सांधे बसवायचे, प्रत्येक सांध्यावर पटाशीने आकडा पाडायचा, मग सगळं सुटं करून जागेवर नेऊन उभं करायचं, ही त्यांची रीत. आकडे पाडायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं होतं. मी शाळेत शिकलेला चार पाडला, IV. सुताराचा चार म्हणजे सरळ चार रेघा, IIII, कारण लाकूड उलटं फिरलं की शाळेतल्या चाराचा सहा होतो. तो झालाच. चौथा खांब सहाव्या जागी गेला, अख्खा दिवस फुकट गेला, आणि निम्मं गाव कुंपणावर बसून हसलं. डॅड एवढंच म्हणाले की पोराला शाळेने बिघडवलं. त्या दिवसापासून मी शाळेतला चार. तेव्हा ते हसून म्हणायचे, म्हणून मलाही गोड वाटायचं.

मग एकावन्न साल. डॅड पाय मोडून सहा आठवडे हेरफर्डला इस्पितळात. मी लष्करातून आणि शहरातल्या बांधकामांवरून नवीन शहाणपण शिकून आलेलो. त्यांच्या पलंगामागची पश्चिमेची भिंत, तिच्यातून वारा यायचा, ओल यायची. मी सगळा जुना कूड, त्या काटक्या, ती माती आणि शेण उपसून टाकलं. जाळी ठोकली आणि खांबांवरून, मधून, सगळीकडून सिमेंट मारलं. गुळगुळीत केली. ऑली, मी ती भिंत फार मायेने केली होती. घरी आले की खूश होतील म्हणून दार उघडायला मीच पुढे धावलो होतो.

ते काठी टेकत भिंतीपाशी गेले, कान लावला, आणि म्हणाले की घराला श्वास घ्यायचा असतो, तू त्याच्या नाकातोंडात बोळे कोंबलेस. आणि मग म्हणाले, जन्मभर शाळेतला चारच राहिलास. त्या वेळी ते हसले नाहीत. तीन आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि चौथ्या आठवड्यात मी बस पकडली.

तू नसतीस तर मी हे मनात घेऊनच मेलो असतो. भिंत ठणठणीत आहे, असं तू दरवर्षी लिहीत आलीस. आणि एकसष्ट साली डॅड गेल्यावर तुझं जे पत्र आलं, ते माझ्या पाकिटात आहे, घडीवर फाटलंय. शेवटच्या दिवशी त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, पोराने भिंत बरी केली. मी तेव्हा कारखान्याच्या आवारात उभा राहून रडलो. मग मन हलकं झालं. म्हटलं, समेट झाला, आता जाऊ सावकाश. त्या सावकाशीत ही इतकी वर्षं गेली बघ.

आता एक गंमत. ओकची एक फळी मिळवून मी तिच्यावर डॅडचे ते शब्द कोरलेत. अक्षरं सुबक आली आहेत. आल्यावर भिंतीवर बसवू आणि तिच्याशेजारी माझा फोटो काढ. आमच्याकडे फोटो नेहमी मीच काढतो, त्यामुळे मी एकातही नाही. टक्कल पडलंय, दाढी ठेवलीय आणि पोट सुटलंय, एवढं आधीच सांगतो.

लोभ असू दे, आणि केकात शहाजिरं जरा सढळ हाताने असू दे.

तुझा,
सिरिल


सुताराचं घर, विंबरी.
रविवार, १० एप्रिल १९८३

चि. सिरिल यास,

आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहितेय ते न थांबता लिहिते, नाहीतर हेही चुलीत जाईल.

तुझी ती फळी. तू ती आणलीस तर तिला ठोकायला भिंत नाही. भिंत आहे, पण तुझी नाही. तुझी भिंत सत्तावन्न साली गेली.

त्या हिवाळ्यात डॅडच्या पलंगामागे बुरशीचा वास यायला लागला. आधी मला वाटलं उंदीर मेलाय. डॅडनी खालच्या बाजूने एक तुकडा फोडला आणि आतल्या खांबात बोट घातलं, तर बोट पेरापर्यंत आत गेलं. पाणी सिमेंटच्या मागे शिरायचं आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. बाहेरून गुळगुळीत आणि आत चारही खांबांचा चोथा. तीनशे वर्षं उभे होते ते सहा वर्षांत कुजले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता तुला शिव्या घालतील म्हणून. ते पटाश्यांना धार लावायला बसले.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने सिमेंट फोडलं, चार नवे ओक तासले, उभे केले, हेझलच्या काटक्या विणल्या, माती तुडवली. माती तुडवायला मी होते, स्कर्ट खोचून. अठ्ठावन्नचा सगळा उन्हाळा त्यात गेला. वर चुना दिला. तीच भिंत आता उभी आहे. आपल्याकडे येणाऱ्या बसच्या लोकांना मिस्टर प्यू म्हणून एक गृहस्थ गाव दाखवतात. ते रोज त्या खांबांसमोर उभे राहून सांगतात की बघा, हे सोळाशे वीस सालचे आकडे. मी खिडकीत बसून ऐकते आणि हूं की चूं करत नाही.

तुला तेव्हा का नाही कळवलं? कारण त्याच महिन्यात तुझं पत्र आलं होतं की तुला मुकादम केलं, आणि तू हाताखालच्या पोरांना तुझ्या भिंतीची गोष्ट सांगतोस. मी म्हटलं, समुद्रापलीकडे आहे, त्याला काय दिसतंय. एकदा लिहिलं की ठणठणीत आहे, मग दर नाताळात तेच लिहावं लागलं.

आणि एकसष्टचं ते पत्र. सिरिल, डॅड तसं म्हणाले नाहीत. शेवटचे तीन दिवस ते बोललेच नाहीत. ते वाक्य मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्या मनाने लिहिलं. तू अंत्यविधीला येऊ शकणार नव्हतास आणि तुझी तार इतकी छोटी होती की मला ती बघवेना. वाटलं, मेलेल्या माणसाचं काय जातंय, जिवंत माणसाला तेवढाच आधार.

तू फळी कोरशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण माझ्या खोट्याने तर तिकीट काढलं.

रागाव, काय हवं ते बोल, पण ये. थांब्यावर मी येणारच आहे. लोभ ठेव असं लिहायची आज हिंमत नाही. उरलाच तर तुझ्यापाशी राहू दे.

तुझी चुकलेली बहीण,
ऑलिव्ह


सुताराचं घर, विंबरी.
रविवार, १९ जून १९८३

चि. सिरिल यास,

अनेक आशीर्वाद.

एप्रिलपासून तुझी ओळ नाही. तरी चौदा तारखेला मी दुपारच्या बसला थांब्यावर गेले. मग चारच्या बसला गेले, सहाच्या बसलाही गेले. ड्रायव्हर म्हणाला, बाई, कोणाची वाट बघताय, की माझ्या प्रेमात पडलात? त्याला म्हटलं, तुझ्या तोंडापेक्षा तुझ्या बसचं तोंड बरं आहे. 

केक दोन दिवस ठेवला, मग लोहारशाळेतल्या पोरींना देऊन टाकला. वरच्या खोलीतली चादर अजून काढलेली नाही.

गावात नवीन काही नाही. गर्दी नुसती उसळलीय. गुरुवारी तर बसभर लोक माझ्या कुंपणात घुसले. एक लठ्ठ दाढीवाला म्हातारा पश्चिमेच्या भिंतीशी, थेट माझ्या फुलांच्या वाफ्यात पाय रोवून उभा. टोपी हातात आणि नाक खांबाला लागेल इतका जवळ. दहा मिनिटं झाली तरी हलेना. शेवटी मी बाहेर जाऊन झापलं, म्हटलं, अहो, डोळे वर आहेत तसे पायाखाली पण असू द्या, आणि चहाचं दुकान त्या बाजूला आहे. गेला बिचारा मान खाली घालून. चांगली चार रोपं मेली.

तू आजारी नाहीस ना, एवढंच कळव. राग असेल तर रागाचं लिही. तुझ्या शिव्या वाचायलाही मी चष्मा पुसून बसेन. लोभाची माझी बाजू आहे तिथेच आहे.

तुझी,
ऑलिव्ह


हॅमिल्टन, ऑन्टॅरिओ.
९ जुलै १९८३

ती. ऑली हिस,

सा. न. वि. वि.

तुझी चार रोपं मी मारली.

आता चष्मा काढ, पूस आणि पुढे वाच.

तुझं एप्रिलचं पत्र आलं त्या दिवशी मी ती फळी कुऱ्हाडीने फोडली आणि शेगडीत घातली. तिकीट परत करायला निघालो, दारापर्यंत गेलो, आणि पाय अडला. मनात म्हटलं, बहिणीला बघायचं नाही, पण भिंत बघायची. माझ्या मूर्खपणाचं काय झालं ते माझ्या डोळ्यांनी बघायचं आणि परत फिरायचं. वूस्टरला उतरलो. तिथे हॉटेलवाल्याने सहलीच्या बसचं तिकीट दिलं. ऐतिहासिक गाव, काळी-पांढरी घरं, चहासह. माझ्या जन्मगावी मी असा गेलो.

बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, तुम्ही याआधी इकडे आला होतात का? मी नाही म्हणालो.

तुझे ते मिस्टर प्यू आम्हाला रस्ताभर हिंडवत होते. ग्विलियमच्या गोठ्यापुढे उभं राहून त्यांनी सांगितलं की ही दोनशे वर्षांपूर्वीची कारागिरी. मी हात वर करणार होतो, की साहेब, यातला चौथा खांब मी चुकवला होता. नाही केला. मग आपलं घर आलं. लोक पुढे सरकले, मी भिंतीशी मागे राहिलो.

पहिल्या खांबावर एक रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. हात डॅडचाच. रेघ संपताना पटाशी किंचित डावीकडे ओढायची त्यांची खोड मला डोळे मिटूनही ओळखता येईल. चौथ्या खांबाकडे बघायची मला गरज नव्हती. आजोबांपासून आपल्या अंगणात चौथ्या लाकडावर चार रेघा पडत आल्या. डॅडनी एक वेळ उजव्या पायाचा बूट डाव्या पायात घातला असता, पण दुसरं काही पाडलं नसतं.

ऑली, चौथ्या खांबावर IV आहे.

शाळेतला चार आहे तो. खोल पाडलेला आणि सुबक, कड घासून गुळगुळीत केलेली. चुकून नाही. चुकून त्यांच्या हातून असलं होणं शक्यच नाही. माझ्याच कुजवलेल्या भिंतीच्या जागी त्यांनी नवी भिंत उभी केली आणि तिच्यात मला घातलं. माझ्या चुकीसकट घातलं. तू त्यांच्या नावाने जे वाक्य रचलंस ते फार साधं होतं गं. त्यांचं स्वतःचं वाक्य तिथे पंचवीस वर्षं उन्हापावसात उभं होतं. ते वाचता येणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याला तू दर नाताळात लिहीत होतीस की काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे.

मी तुला दोष देत नाही. नाही, देतो. थोडा देतो, मग आपण दोघं मोकळे. तू अठ्ठावन्न साली लिहिलं असतंस की तुझी भिंत कुजली, म्हाताऱ्याने फोडून टाकली, तर मी पहिल्या बोटीने भांडायला आलो असतो. आलो असतो भांडायला, आणि दारातच तो आकडा बघितला असता. डॅड आणखी तीन वर्षं होते.

तेवढ्यात तू आलीस. पांढरे केस, हातात झारी, पण चाल तीच, अंगावर येणारी. मला झापलंस आणि चहाचं दुकान दाखवलंस. तोंड उघडलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि अख्खी बस बघत होती. मनात हेही आलं की ओळखत नाही, तर नाही. त्या क्षणी उरलेला राग असा कामी आला. मी गेलो मुकाट्याने, तू दाखवलंस तिकडे. लोहारशाळेत खिडकीशी बसलो. पोरीने शहाजिऱ्याचा केक आणून दिला आणि म्हणाली, हा समोरच्या म्हातारीचा आहे, तिचा कोणी पाहुणा आला नाही म्हणून. मी दोन तुकडे खाल्ले. तू मोडलेली रोपं काठीला बांधत होतीस. मध्ये फक्त रस्ता होता. चहा संपवून जातोच, असं मी ठरवलं होतं, शपथेवर सांगतो. तेवढ्यात भोंगा वाजला. एकावन्न सालीही बसने भोंगाच वाजवला होता, आणि तेव्हाही मला वाटलं होतं की आता उठलंच पाहिजे.

इथे आल्यावर दहाव्या दिवशी छातीत दुखलं. मॅरियनने इस्पितळात नेलं. आता बरा आहे, घरी आहे, पण डॉक्टर म्हणतात, विमान नाही. जिना पण बेताने. मी म्हटलं, एकदाच, एका कामासाठी. ते नाही म्हणाले. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला तो यामुळे.

केकात शहाजिरं अगदी बरोबर होतं. लोभाला तोटा नव्हता, रस्ता ओलांडायचा तेवढा राहिला.

तुझा,
सिरिल


सुताराचं घर, विंबरी.
रविवार, २४ जुलै १९८३

प्रिय शाळेतल्या चारास,

ऑलीचे सगळे आशीर्वाद, उरलेसुरले सुद्धा.

पत्र वाचून मी तशीच बाहेर गेले आणि त्या खांबावर बोट फिरवलं. एक, दोन, तीन, आणि मग तो. पंचवीस वर्षं मी त्याच्याशेजारी कपडे वाळत घातले. मला तो नेहमी बरोबरच वाटला, कारण मी चार शाळेतच शिकले. अंगणात मुलींना पटाशी कोण देत होतं?

आता तुला एक सांगायचंय. डॅडनी तो पाडला तेव्हा मला हाक मारली होती. मी मातीत गुडघ्यापर्यंत होते. ते म्हणाले, ऑली, हे बघ, बरोबर दिसतं का? मी म्हटलं, मला काय कळतंय, शाळेत असंच शिकवतात. ते हसले, सिरिल. एकावन्नपासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. आणि म्हणाले, मग पोराला लिही, म्हणावं चौथा बरोबर आहे.

मला वाटलं लाकडाच्या मापाचं काही असेल. आणि लिहिणार कशी? चौथा म्हणजे कोणता, हे सांगायला आधी भिंत पाडल्याचं सांगावं लागलं असतं. म्हणून मी तो निरोप तिथेच ठेवला. नंतर दोनदा विचारलं त्यांनी, लिहिलंस का, त्याचं काय आलं? मी म्हटलं, लिहिलं, त्याला आनंद झाला. म्हणजे मी दोन्हीकडे खोटं बोलले. ते वाट बघून गप्प झाले असतील, की नुसत्या आनंदावर समाधान मानलं असेल, मला माहीत नाही. त्यांनी दिलेला खरा निरोप मी गिळला, आणि तीन वर्षांनी टेबलाशी बसून माझ्या पदरचा खोटा निरोप तुला पाठवला. तू पाकिटात जपलास तो हाच.

तेव्हा आज लिहिते, पंचवीस वर्षं उशिरा, डॅडनी सांगितलं तसंच: चौथा बरोबर आहे.

तुझी टोपी मला आठवते. तपकिरी, हातात चुरगळलेली. चेहरा आठवायला बसले की नुसती दाढी येते. मी तुझ्याकडे बघितलंच नाही, तुझ्या बुटांकडे बघितलं. आपल्या दारात माझ्या भावाला मी चहाचं दुकान दाखवलं. मॅरियन लिहिते की मीच तिकडे यावं. कंबर अशी, डोळे असे, आणि मी हेरफर्डच्या पुढे कधी गेले नाही, पण पासपोर्टचा अर्ज मागवलाय. डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर बघू, असं डॉक्टर म्हणतात. आपण दोघंही सावकाशीत पटाईत आहोत, म्हणून मला भीती वाटते.

मिस्टर प्यूंना मी आजही काही सांगितलं नाही. सांगू देत सोळाशे वीस.

जपून राहा. जिना हळू चढ. लोभाचं आता काही मागत नाही, तू दाराशी येऊन गेलास यातच तो मला कळला.

तुझी,
ऑली

ता. क. आता बस आली की मी हातातलं काम टाकून बाहेर येते. दाढीवाला असो, बिनदाढीचा असो, प्रत्येक म्हाताऱ्याच्या अगदी जवळ जाऊन आधी तोंड बघते. मगच चहाचं दुकान दाखवते.